पोच घेतलेले तीन अर्ज

शर्टाच्या कारखान्यात तिला सगळे 'घार' म्हणत. सुटलेला टाका, वाकडी कॉलर, एक बटण कमी, तिच्या नजरेतून काही निसटायचं नाही. तपासणीच्या टेबलाशी तिने एकोणीस वर्षं काढली होती, आणि त्याचा तिला जरा तोराही होता.

नवा सुपरवायझर आला. पहिल्याच आठवड्यात तिने त्याच्या मेहुण्याच्या लाइनचे दोनशे शर्ट परत पाठवले. तिथेच माशी शिंकली. त्याने तिचं स्टूल उचलून नेलं. गुडघे दुखतात म्हणाली, तर माइकवरून साऱ्या हॉलला ऐकवलं, "आजीबाईंना आरामखुर्ची आणा रे." लोक हसले. दुसऱ्या दिवशीही हसले. मग ती संडासात किती मिनिटं होती, तेही तो माइकवरून सांगू लागला.

घरी ती काही बोलली नाही. नवरा म्हणायचा, हल्ली उगाच चिडतेस. ओळखलं ते थोरल्या जावेने. ती कामगार न्यायालयात टायपिस्ट होती.

"अगं, तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं," जाऊबाई म्हणाल्या. "तारीख, वेळ, त्याचे शब्द, सगळं लिही. कारखान्याच्या ऑफिसात अर्ज दे आणि आपल्या प्रतीवर सही-शिक्का घे. पोच नसेल तर तू अर्ज दिलाच नाहीस."

तिने तीन अर्ज दिले, तिन्हींची पोच घेतली. चौथ्या महिन्यात उद्धटपणाचा ठपका ठेवून तिला काढून टाकलं. ना चौकशी, ना तिचं म्हणणं ऐकलं.

खटला चार वर्षं रेंगाळला. तिच्या बाजूने साक्ष द्यायचं शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने कबूल केलं होतं. दोघी एकाच दिवशी कामाला लागल्या होत्या. मैत्रीण आली ती मालकाची साक्षीदार म्हणून.

"माइकवर फक्त कामाच्या सूचना देतात," असं सांगून ती खाली मान घालून निघून गेली.

निकाल लागला तो कागदांच्या जोरावर. चौकशीविना काढणं बेकायदा, कामावर परत घ्या. सुपरवायझर तोवर बढती घेऊन मोठ्या कारखान्यात गेला होता.

ती परतली त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मैत्रीण समोर येऊन बसली.

"माझी पोरं शिकत होती गं. तुला तर माहीत आहे."

"माझीही शिकत होती. थोरल्याचं मधेच सुटलं."

मैत्रिणीने डब्याचं झाकण लावलं. मग डबा उचलून पलीकडच्या घोळक्यात गेली. तिथे बायकांनी सरकून तिला जागा केली. घारीच्या बाकाकडे सुट्टी संपेपर्यंत कुणी फिरकलं नाही.