बिनआवाजाचा पंखा

रत्नपाल सकाळी नऊला घरी यायचा तेव्हा त्याच्या भुवयांवर कोंड्याची राख बसलेली असायची. गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये तो रात्रपाळीला बॉयलर सांभाळायचा. घरी आला की अंघोळ, दोन घास भात आणि खाट. आणि तो खाटेला पाठ टेकवतो न टेकवतो तोच त्याच्या बायकोचं, रचनाचं काम सुरू व्हायचं. अर्ज, बायोडेटा, लग्नपत्रिका, कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट, लोकांना जे काही टाईप करून हवं असतं ते दिवसाउजेडीच हवं असतं. संध्याकाळी सहाला लाईन जायची ती दहालाच यायची. सन दोन हजार सातच्या त्या उन्हाळ्यात तिच्या वाट्याला दिवसच काय तो उरला होता.

घर दोन खोल्यांचं. मागच्या खोलीत चूल, आणि चुलीपासून जरा दूर सासूबाई पार्वताबाई तेंदूची पानं नि तंबाखू घेऊन विड्या वळत बसायच्या. त्या धुरळ्यात कॉम्प्युटर ठेवणं शक्यच नव्हतं. म्हणून कॉम्प्युटर पुढच्या खोलीत, त्याची मागची बाजू खाटेकडे करून. मशीन सेकंडहँड, वर पत्र्याचं छप्पर, त्यात एप्रिल. डब्याला हात लावला की तव्याला लावल्यासारखा वाटायचा. एकदा चाळीस पानांचा प्रोजेक्ट सेव्ह करायच्या आधीच मशीन गपकन बंद पडलं. रचना त्या दिवशी टेबलावर डोकं ठेवून रडली. मग उठली आणि तीच चाळीस पानं पुन्हा टाईप करायला बसली. खाटेवरून रत्नपाल हे सगळं बघत होता. बोलणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

दुरुस्तीवाला अश्विन ओळखीचा. त्याने डब्याच्या मागे, जिथे कार्डं बसतात त्या रिकाम्या खाचेत एक चपटा पंखा बसवून दिला. आतली गरम हवा ओढून मागे फेकणारा. मशीन बंद पडायचं थांबलं, पण आवाज असा की घरात दिवसभर मिक्सर चालू आहे. आणि तो मागच्या बाजूने, म्हणजे सरळ रत्नपालच्या कानात. तो कानात कापूस घालून पडून राहायचा. झोपला आहे असं दाखवायचा, पण बायकोला ते कळत नाही थोडंच!

पंधरवड्यात व्हायचं तेच झालं. पहाटे बॉयलरसमोर त्याचा डोळा लागला आणि पाण्याची पातळी खाली गेली. जोडीदाराने वेळेत पाहिलं म्हणून निभावलं. मालकाने सांगितलं, पुन्हा असं झालं तर घरीच बसायचं. नोकरीचं राहू द्या, बॉयलर फुटला असता तर काय!

मग रचनाने बिनआवाजाच्या पंख्याचा ध्यास घेतला. उन्हात गोंदियाची चार दुकानं पालथी घातली. एक दुकानदार हसून म्हणाला, "भाभीजी, हवा चाहिए तो आवाज तो आएगी." दुसऱ्याने घरचा टेबलफॅन लावा म्हणून सल्ला दिला. तिला त्या सगळ्यांचाच राग आला, पण रागवायलाही अंगात बळ लागतं. शेवटी अश्विननेच नागपूरहून एक आणला. खाचेतच बसणारा, पण मागच्या पट्टीवर छोटी कळ असलेला. कळ डावीकडे ठेवली की पंखा मंद, आवाज जवळजवळ नाहीच. उजवीकडे पूर्ण फिरवली की जोरात, आणि आवाज पहिल्यासारखाच.

रचनाने कळ पार डावीकडे ठेवली. मशीन तापलं तर तापू दे, आपण दर पानाला सेव्ह करू, असं तिने ठरवलं. पण गंमत अशी की मशीन काही बंद पडेना. आणि दुपार व्हायला लागली की आवाज वाढलेला असायचा. कधी वाढला ते टाईप करण्याच्या नादात कळायचंच नाही. बघावं तर कळ पार उजवीकडे! ती पुन्हा डावीकडे फिरवायची. चार दिवस हेच चाललं. थरथरीने सरकत असेल म्हणून तिने कळीवर चिकटपट्टी लावली. तरी तेच; पट्टीही गरम होऊन गळून पडली असावी. तेव्हा तिने अश्विनला बोलावून फैलावर घेतलं.

अश्विनने कळ फिरवून पाहिली. "वहिनी, हे घट्ट हाय. आपल्या मनानं नाई फिरत. कोणीतरी फिरवून राहिलं."

"कोन फिरवन? सासूबाई तर इकडं येतही नाईत."

अश्विन गेल्यावर रचना झाडू घेऊन खाटेखालचं काढायला वाकली, तर खाटेच्या कडेला तिला तीच चिकटपट्टी दिसली. नीट सोडवून, पुन्हा लावता यावी अशी एका टोकाला दुमडून ठेवलेली. खाटेवर पडल्या पडल्या हात लांब केला तर कळीपर्यंत सहज पोचतो, हे तिच्या आजवर लक्षातच आलं नव्हतं. तिला ऐकू जाऊ नये म्हणून रत्नपाल एकदम नाही, केसाकेसाने फिरवायचा. मशीन तापून तिची पानं जाऊ नयेत म्हणून. आणि मग तो आवाज ऐकत डोळे मिटून पडायचा, आणि रात्री त्याच डोळ्यांनी बॉयलरसमोर उभा राहायचा.

रचना झाडू हातात धरून तिथेच खाली बसली. तिला त्याची माया आली, आणि मायेहून जास्त थकवा आला. विचारलं असतं तर तो नाहीच म्हणाला असता. दुसऱ्या दिवशी तिने दारावर कागद लावला: कामे दुपारी चारनंतर. चार ते सहा, दोनच तास. निम्मी गिऱ्हाइकं बसस्टँडकडच्या दुकानात जातील, हे तिला ठाऊक होतं.

रत्नपाल जेवून आडवा झाला तशी तिने कॉम्प्युटर बंद केला. पंखा थांबला. तो कुशीवर वळला.

"काऊन वो, बंद केलं?"

"लाईन गेली," रचना म्हणाली.

त्याने वर पाहिलं. छताचा पंखा फिरत होता.

"हो," तो म्हणाला, "आजकाल दिवसाही जाऊन राहिली." आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.