गणपतीचा हात, माझा ब्रेक

माझे बाबा पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे हात करायचे. नुसते हात. रंग दुसऱ्याकडे, डोळ्यांची आखणी तिसऱ्याकडे, पण बोटांवरून हात फिरला की तो बाबांचाच. घरात मात्र माझा उजवा हात होता. लहानपणी झोपाळ्यावरून पडले, तेव्हापासून अंगठ्याशेजारची पहिली दोन बोटं काठीसारखी ताठ. बाबा जेवतानाही माझ्या त्या हाताकडे बघायचे नाहीत.

नव्वदच्या दशकात मला डोंगराकडच्या गावात अंगणवाडीची नोकरी लागली. एसटीची वेळ काही जुळेना, म्हणून मामाची जुनी, जाड टायरची गियरवाली माउंटन बाइक मी ढापली. उतारावर शेवटच्या दोन बोटांनी ब्रेक दाबत मी अशी ऐटीत यायची की बघणाऱ्याने बघतच राहावं. मग एकदा खडीवर घसरले आणि उजव्या ब्रेकच्या लिव्हरचं टोक तुटलं. नेमकं माझ्या दोन बोटांच्या वाट्याचं!

दुकानदाराने नवी आखूड लिव्हर दाखवली. "हिला पुढची दोनच बोटं लागतात ताई. लेटेस्ट हाय."

"तीच तर माझी चालत नाहीत," मी म्हटलं. बिचारा ओशाळला. लांब लिव्हर त्याच्याकडे नव्हती, पनवेललाही मिळाली नाही.

"सायकल विकून टाक नि नोकरी सोड गो," आई म्हणाली. एकट्या डाव्या ब्रेकवर तो उतार म्हणजे जिवाशी खेळच होता, तिचं चुकत नव्हतं. पण नोकरी सुटणार म्हटल्यावर मला रडूच कोसळलं.

तेव्हा बाबा उठले. तुटक्या लिव्हरला त्यांनी शाडूची माती लावली आणि म्हणाले, "धर. ब्रेक दाबतेस तशी धर." मी धरली. मातीत बोटं उमटली. रात्रीतून त्यांनी त्यावरून प्लास्टरचा नमुना केला आणि आम्ही गाडीने रोह्याला, तिथून पूल ओलांडून अष्टमीला एका ओताऱ्याकडे गेलो. त्याने नमुना वाळूत दाबून काढला आणि त्या पोकळीत वितळलेलं अॅल्युमिनियम ओतलं. आम्ही घरून नेलेली फुटकी पातेली पाण्यासारखी वाहत होती आणि थोड्या वेळाने त्यांचीच लिव्हर होऊन बाहेर आली. चार बोटांच्या चार सुबक खाचा! गल्लीतले लोक बघायला आले.

मी ती बसवून दाबली आणि बोटं सटकली. पुन्हा दाबली, पुन्हा तेच. ताठ बोटांना मधले उंचवटे टोचत होते.

"बाबा, हा हात कोणाचा?" मी तडकून विचारलं. "माझा नाही. हा तुमच्या गणपतीचा."

बाबा लिव्हर फिरवून बघत राहिले. रात्री माती साफसूफ करताना त्यांनी माझ्या ताठ बोटांचे ठसे चांगल्या बोटांसारखे करून टाकले होते. वर्षानुवर्षांची सवय. की आणखी काही? ते हळूच म्हणाले, "मला तो हात बघवत नाय गो."

मग ते माझ्यासमोर बसले. माझा हात त्यांनी आपल्या हातात घेतला, एकेक सांधा चाचपला, ताठ बोटांखाली अंगठा घालून किती फट राहते ते पाहिलं. मूर्तीकडे बघावं तसे ते बघत होते. एवढ्या मोठ्या कारागिराने माझ्या वेड्यावाकड्या हाताचा इतका अभ्यास करावा, याचं मला अजून नवल वाटतं.

दुसरी लिव्हर दिसायला ओबडधोबड झाली. दोन बोटांना सपाट जागा, दोन बोटांना खोल खाच. आईच्या हट्टापायी बाबा पहिल्या दिवशी उताराच्या पायथ्याशी येऊन उभे राहिले. मी वरून सुटले, वेग चढला आणि मी ब्रेक दाबला. सायकल करकरत बाबांच्या पुढ्यात थांबली.

बाबांनी हँडल धरलं नाही. त्यांनी माझा उजवा हात उचलला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर आपल्या कपाळाला लावला.