दारफाळणीच्या दिवशी उघडलेलं दार

"बाई, तुमच्या लघवीत साखर आहे. डायबेटिस," अलिबागचे डॉक्टर म्हणाले, आणि मला भीती वाटायच्या आधी शरम वाटली. माझ्या लघवीची गोष्ट परक्या पुरुषानं सासूबाईंसमोर अशी टेबलावर मांडली होती. सासूबाई खाली मान घालून चपलेकडे बघत होत्या. तिशीसुद्धा उलटली नव्हती माझी.

डायबेटिस म्हणजे मधुमेह. खाल्लेलं अंगी लागत नाही, त्यातली साखर रक्तात साठते आणि लघवीवाटे निघून जाते. मी वर्षभर तांब्यावर तांब्या पाणी पीत होते आणि तरी वाळत होते, त्याचं कारण हे. मला वाटलं होतं, दृष्ट लागली.

"इन्सुलिनचं इंजेक्शन रोज सकाळी घ्यायचं," डॉक्टर म्हणाले. "आणि एकदा घेतलं की वेळेवर जेवायचं. त्यात हयगय चालणार नाही." मी मान हलवली. कळलं असो वा नसो, मान हलवण्यात आम्ही बायका पटाईत.

रेवदंड्याला परत आल्यावर नवा संसार सुरू झाला. काचेची सिरिंज उकळायची. औषधाची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवायची. लघवीची तपासणी घरीच: नळीत निळं औषध, त्यात लघवीचे थेंब, आणि चुलीवर उकळी. रंग हिरवा आला तर बरं, विटकरी आला तर वाईट. हे सगळं मी मागच्या पडवीत, कुणी नाही असं बघून करायचे. तरी माझी एस्तेर एकदा शेजारच्या गोदूबाईंसमोर ओरडली, "आई, आज कुठला रंग आला गं?" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. गावात आम्हांला शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी, विसाव्याच्या शब्बाथला, आमचे तेलाचे घाणे बंद. देश स्वतंत्र होऊन दहाएक वर्षं झाली होती आणि आमची कितीतरी घरं इस्रायलला निघाली होती. आमचे हे मुंबईत नोकरीला, सणाला घरी यायचे. सणांत सगळ्यांत मोठा किपूर, आमच्या जुन्या बोलीत दारफाळणीचा सण. आदल्या संध्याकाळपासून कडक रोजा. पांढरे कपडे घालायचे, दार लावून घ्यायचं, आणि रोजा सुटेपर्यंत परक्या माणसाशी बोलायचंसुद्धा नाही. पुरुष मशिदीत जातात. आमच्या प्रार्थनेच्या जागेला आम्ही मशीदच म्हणायचो.

त्या वर्षी मी रोजा धरला. कुणी जबरदस्ती केली नाही. सासूबाईंनी विचारलं, तेव्हा मी "डॉक्टर हो म्हणालेत" असं ठोकून दिलं. मनात वेगळंच होतं. हे शरीर नासलंच आहे, या जगात आपली धडगत नाही, मग निदान पुढच्या जगात तरी मान वर करून उभं राहू. सुयांचा, रंगांचा, लपवाछपवीचा मला वीट आला होता. सात वर्षांची पोर पदरात असताना मी जायची तयारी करत होते, आणि त्या तयारीला भक्ती म्हणत होते.

आता चूक सांगते. आमच्यापैकी कुणाला हा आजार असेल तर नीट ऐका. त्या सकाळी मी इंजेक्शन घेतलं. सुई काही तोंडातून जात नाही, मग तिनं रोजा कसा मोडेल? डॉक्टरांचंही राहिलं, देवाचंही राहिलं, अशी माझी अक्कल.

हे मशिदीत गेलेले, आणि दुपार व्हायच्या आत मला दरदरून घाम सुटला. हात थरथरायला लागले. पुढचं मला एस्तेरनं नंतर सांगितलं. मी सासूबाईंना नाही नाही ते बोलले. पांढरं लुगडं ओढून फेकलं. मग जमिनीवर पडले आणि डोळे फिरवले.

सासूबाईंनी जन्मात कधी दारफाळणीचं दार उघडलं नव्हतं. रोजा सुटल्यावर बराखा, म्हणजे आभाराची प्रार्थना, म्हणायला काळ्या मनुकांचं सरबत करून ठेवलेलं होतं. ते त्यांनी माझ्या तोंडात ओतलं. मग कडी काढून अंगणात गेल्या आणि बोंब ठोकली, "गोदे, धाव गं! माझी सून चालली!"

गोदूबाई कोळीण. तिच्या भावाचा सुकटीचा ट्रक अलिबागला निघतच होता. आमच्या सगळ्यांत पवित्र दिवशी मी कशीबशी गुंडाळलेल्या पांढऱ्या लुगड्यात, सुकटीच्या पाट्यांमध्ये आडवी, भर बाजारातून गेले. वास आठवडाभर केसांतून गेला नाही.

शुद्धीवर आले तेव्हा दंडात ग्लुकोजची सुई होती. "हायपोग्लायसेमिया," डॉक्टर म्हणाले. म्हणजे रक्तातली साखर एकदम खाली उतरणं. "इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलात? ते सरबत पाजलं नसतं तर मी काही करू शकलो नसतो." मग सासूबाईंकडे वळून म्हणाले, "तुम्ही यांना परवानगी कशी दिलीत?"

 माझं खोटं सासूबाईंनी उघडं केलं नाही. मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

डॉक्टर गेल्यावर मी रडत म्हटलं, "आई, माझ्यापायी तुमचा सण बाटला. मला जाऊ द्यायचं होतंत. तिकडं तरी रोजा पदरात पडला असता."

"तिकडं?" त्या एवढ्या चिडल्या की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. "तिकडं काय हाय गं? तिकडं रोजा न्हाय, शब्बाथ न्हाय, भुकेल्याला भाकर वाढायची न्हाय. मेलेल्याला देव काम सांगत न्हाय. काम सगळं इथं, तिकडं निस्ता पगार. आन् तू काम टाकून पगार मागाया निघालीस? तुझ्या पोरीची वेनी कोन घालनार, तो पगार देनारा मालक?"

त्या अजून उपाशीच होत्या. कोरड्या ओठांनी बोलत होत्या. मी त्यांचे पाय धरले आणि त्यांनी ते झटकन मागे घेतले.

पुढच्या किपूरला नणंद मुंबईहून कुटुंबासकट आली. घरभर पांढरे कपडे, सगळे उपाशी, आणि मी एकटी जेवणार. दुपारी चपाती आणि पालेभाजी घेऊन मी मागच्या पडवीत गेले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

"चोरी करतीस काय?" मागून सासूबाई आल्या. हाताला धरून त्यांनी मला मधल्या घरात सगळ्यांसमोर बसवलं. ताट पुढ्यात ठेवलं. "बराखा म्हन. मोठ्यानं."

 कान तापले होते. नणंदेच्या मुलांची नजर चपातीवर होती. तरी चपातीचा तुकडा हातात घेऊन, जमिनीतून अन्न काढणाऱ्या देवाच्या आभाराची बराखा मी म्हटली. त्या दिवशी अख्ख्या घरात ती म्हणण्याचं काम फक्त माझ्याकडे होतं.

सगळी उपाशी माणसं एका आवाजात "आमेन" म्हणाली, आणि मी पहिला घास खाल्ला.