शबानाच्या पेशी

सलीमचा फोन आला तेव्हा मी वेल्ह्याच्या शाळेत नववीच्या वर्गावर होते. शिपायाने दारातून सांगितलं, ऑफिसात तुमचा फोन आहे, आणि मी हातात खडू तसाच घेऊन धावले. सलीम म्हणजे शबानाचा धाकटा भाऊ. तो एवढंच म्हणाला, "ताई, आपा गेली." पलीकडे भोरच्या घरातला आकांत ऐकू येत होता. वेल्ह्याहून निघायला त्या वेळी एसटी नव्हती. एका टेम्पोवाल्याच्या हातापाया पडून नसरापूर गाठलं, तिथून मिळेल त्या जीपने कापूरहोळ आणि मग भोर. मी पोहोचले तोवर माणसं कबरस्तानातून परतून ओट्यावर बसली होती. मला तिचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. त्याला आता काही आठवडे झाले. लोक म्हणतात, हळूहळू सवय होईल. मला ती सवय नको आहे.

आम्ही दोघी भोरच्या एकाच शाळेतल्या, एकाच बाकावरच्या. पुढे कॉलेजला पुण्याला जायचं ठरलं तेव्हा ती भोरच्या स्टँडवर गाडीत चढायची, माझ्यासाठी जागा धरायची, आणि मी भाटघर फाट्यावर चढले की लगेच भांडायला सुरुवात करायची, कारण डबा कुणाचा आधी उघडायचा हे रोज नव्याने ठरवावं लागे. आमचं बौद्धांचं घर, त्यांचं मुसलमानांचं. ईदला मी त्यांच्याकडे आणि चौदा एप्रिलला ती आमच्याकडे, हे इतकं ठरून गेलेलं की कुणी बोलावत नसे. आमची मैत्री दोन्ही घरांत कुणाला खटकली नाही. खटकलं ते एवढंच की दोघींपैकी एकीलाही लग्नाची घाई नव्हती. मी बी.एड. करून मास्तरीण झाले आणि शबाना पुण्याच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करू लागली.

ती काय करते हे मला बरीच वर्षं नीट कळलं नव्हतं, आणि मी विज्ञान शिकवणारी बाई! एकदा दिवाळीच्या सुट्टीत ती माझ्या मामांच्या गावाला, हिर्डोशीला आली होती. नेहमीप्रमाणे गाडी आलीच नाही, म्हणून आम्ही चालत निघालो. वाटेत तिने भाताच्या खाचरांकडे बोट दाखवलं. पावसाळ्यात वरच्या खाचरातलं पाणी बांधातल्या तोंडातून खालच्यात जातं, तिथून आणखी खाली. पेशीत निरोप असेच जातात, ती म्हणाली. ते पुढे ढकलण्याचं काम कायनेज नावाची विकरं, म्हणजे एन्झाइम्स, करतात, आणि अशी विकरं शेकड्यांनी आहेत. कुठलं तोंड कुठल्या खाचराला पाणी देतं हे नुसतं बघून कळत नाही. मग एक तोंड बुजवायचं आणि कोण कोरडं पडतं ते बघायचं. ते बुजवणारं रसायन म्हणजे इनहिबिटर. मी म्हटलं, एवढं सोपं? तर ती हसली. चिखलाचा गोळा शेजारच्या तोंडालाही जाऊन बसतो, म्हणाली, म्हणून एकाच गोळ्यावर कधी विश्वास ठेवायचा नसतो.

तिचा विश्वास होता तो कंट्रोलवर. एका डिशमधल्या पेशींना इनहिबिटर द्यायचं आणि शेजारच्या डिशमध्ये, ते ज्या द्रवात विरघळवतात तो नुसता द्रव घालायचा. दोन्ही डिश एकाच कपाटात, एकाच उबेत. दोन्हींत फरक दिसला तरच औषधाने काही केलं, नाहीतर नाही. हे तिच्या अंगात असं भिनलं होतं की माझ्या आईने काढा पिऊन सर्दी गेली म्हटलं, की ही विचारायची, मावशी, नसता प्यायला तर? आईने एकदा वैतागून तिला सांगितलं, पुढच्या जन्मी न पिता बघीन. सगळ्यांत मोठ्याने शबानाच हसली होती.

आणि अशा बाईलाच रक्ताचा कर्करोग व्हावा, तोही नेमका त्या जातीचा, ज्यात एक कायनेज बिघडतं आणि थांबायचंच विसरतं. बांधाचं तोंड कायमचं उघडं. रिपोर्ट हातात घेऊन ती प्रयोगशाळेच्या जिन्यात बसली होती. मी तिला गदागदा हलवलं. तेव्हा ती म्हणाली, "माझाच विषय आहे गं." तेवढं बोलून ती रडली. त्याआधी मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं.

त्या सुमारास या आजारावर पहिलं इनहिबिटर गोळीच्या रूपात निघालं होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी खटपट करून ते तिला मिळवून दिलं. पहिलं वर्ष आम्ही हवेतच होतो. तिच्या गालांवर मांस आलं, ती पुन्हा कामावर जाऊ लागली, तिच्या अम्मींनी दर्ग्याला चादर चढवली आणि आमच्या आईने बुद्धवंदनेत तिचं नाव घेतलं. मग एका तपासणीत पांढऱ्या पेशी थोड्या वाढलेल्या दिसल्या. पुढच्या तपासणीत आणखी वाढल्या. डॉक्टरांनी गोळी वाढवली.  शबानाला ठाऊक होतं काय होतंय. तिच्या डिशमधल्या पेशी तिने असं करताना पाहिल्या होत्या. औषधाखाली सगळ्या मरतात आणि एखादीच उरते, जिच्यात ते औषध आता बसतच नाही. मग त्या एकीच्या हजारो होतात.

मी तिच्या मागे लागले. तुमच्या फ्रीजमध्ये इतकी इनहिबिटर्स आहेत, त्यातलं एखादं घेऊन बघ. नाहीतरी काय राहिलंय? असं स्पष्ट बोलले मी. आणि आजही मला त्याचं काही वाटत नाही, माणूस बुडताना हाताला लागेल ते धरतो. ती शांतपणे म्हणाली की ती पेशींना द्यायची रसायनं आहेत, माणसाच्या अंगात गेल्यावर आणखी काय काय बंद पडेल हे कुणालाच माहीत नाही. मी ऐकेना, तेव्हा म्हणाली, "आणि समज, वाचले. कशाने वाचले हे कसं कळणार? माझ्या शेजारी दुसरी शबाना कुठंय?" मी तिच्यावर ओरडले, मला कळून काय करायचंय, तू वाच म्हणजे झालं. ती माझा हात धरून बसून राहिली.

शेवटी तिने सरांची, म्हणजे तिच्या मार्गदर्शकांची, परवानगी घेऊन स्वतःचंच रक्त प्रयोगशाळेत दिलं. त्यातल्या कर्करोगाच्या पेशी दोन डिशमध्ये घातल्या. एकीत तिच्या गोळीतलंच इनहिबिटर, दुसरीत नुसता द्रव. निकालाच्या दिवशी ती एकटी जाऊ शकत नव्हती, म्हणून अम्मी आणि मी बरोबर गेलो. पेशींवर निळा रंग घालतात. मेलेल्या पेशीत तो शिरतो, जिवंत पेशी त्याला आत घेत नाही आणि स्वच्छ, चकचकीत दिसते. आम्हाला औषधाच्या डिशमध्ये निळं हवं होतं. माझ्या आयुष्यात मी दुसऱ्या कशासाठी इतकी व्याकूळ झालेली नाही. तिने सूक्ष्मदर्शकातून औषधाची डिश पाहिली, मग कंट्रोलची, मग पुन्हा औषधाची, आणि बाजूला होऊन मला जागा दिली. दोन्हींत सारखंच दिसत होतं. निळ्या पेशी मोजक्या, बाकी सगळ्या लखलखीत. मी म्हटलं, डिशची अदलाबदल झाली असेल. तिने मान हलवली. मी म्हटलं, औषध जुनं असेल, रंग बिघडला असेल, पुन्हा कर. "केलंय," ती म्हणाली, "हे पुन्हा केलेलंच आहे."

तेवढ्यात अम्मी पुढे झाल्या. त्यांनाही बघायचं होतं. शबानाने त्यांना स्टुलावर बसवलं, चष्मा काढून ठेवला, डोळा कुठं लावायचा ते दाखवलं. अम्मी बराच वेळ बघत राहिल्या.

"ह्या चकाकत्यात त्या जित्या हायत व्हय?"

"व्हय अम्मी."

"माज्या पोरीच्या हायत ना? मंग लई बरं झालं की."

शबानाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी बाहेर जाऊन भिंतीवर डोकं आपटून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. त्या दिवसापासून आम्ही सगळे अम्मींशी खोटं वागलो. औषध चालू आहे, फरक पडेल, धीर धरा... मी, सलीम, डॉक्टरसुद्धा. शेवटचे दिवस ती अतिदक्षता विभागात होती आणि आत कुणाला थांबू देत नव्हते. अम्मी बाहेर बाकावर बसून होत्या. नळ्यांच्या गराड्यात, जवळ आपलं एकही माणूस नसताना ती गेली. हे मला गिळता येत नाही. मला कुणी त्यावर तत्त्वज्ञान सांगू नये.

गेल्या आठवड्यात सरांनी आम्हाला पुण्याला बोलावून घेतलं. शबानाने जाण्यापूर्वी त्यांना सांगून ठेवलं होतं की तिच्या पेशी गोठवून ठेवाव्यात, आणि पुढे नवं इनहिबिटर आलं की आधी त्यांच्यावर घालून बघावं. मात्र घरच्यांची संमती हवी होती. सरांनी आम्हाला कोपऱ्यातल्या कॅनपाशी नेलं. गुरांच्या डॉक्टरांकडे असतो तसाच तो कॅन, द्रव नायट्रोजनचा. झाकण काढताच पांढरी वाफ जमिनीपर्यंत ओघळली. सर म्हणाले, यात त्या मरत नाहीत, बाहेर काढून ऊब दिली की पुन्हा वाढू लागतात. सलीमचा चेहरा लालबुंद झाला. ज्यांनी बहिणीला खाल्लं त्या पेशी जपून ठेवायच्या? फेकून द्या, म्हणाला. माझंही मत तेच होतं. माझ्या शबानाला मातीत घालून या इथे जगणार, हे मला मान्य नव्हतं. पण अम्मींसमोर ते बोलायचं कसं... मी सलीमला डोळ्याने दटावलं.

"त्याला कशापायी दटावतीस?" अम्मी म्हणाल्या. "मला ठावं हाय. त्या दिशी तू भाटघरला उतरलीस, मंग भोरपातुर पोरीनं समदं सांगितलं मला. अम्मी, तू बघितल्यास त्याच मला खात्यात म्हनली."

म्हणजे इतके महिने आम्ही त्यांच्यापासून लपवत होतो आणि त्या आमच्यापासून. आमचा धीर सुटू नये म्हणून ही बाई आमची खोटी बोलणी मुकाट ऐकून घेत होती. मी तिथल्याच स्टुलावर बसले. अम्मी त्या वाफेकडे बघत होत्या.

"ठिवा, साहेब," त्या म्हणाल्या. "तिच्या मनात हुतं ना, मंग ठिवा. पर औशीद लागू पडंल आन् ह्या मरतील, त्या दिशी मला बोलवा. ह्यास्नी तरी येकटं मरू दिऊ नका."

सरांनी मान डोलावली आणि कॅनवर झाकण ठेवलं.