पडणाऱ्यांचा मिस्त्री

दस्तगीर मिस्त्री गेल्याचं मला चौथ्या दिवशी कळलं. ऑफिसातल्या सायक्लोस्टाइल यंत्राचं हँडल तुटलं होतं, ते सांधून आणायला शिपायाला उद्यमनगरात पाठवलं होतं. तो हँडल तसंच घेऊन परत आला आणि म्हणाला, मिस्त्रीचं शटर बंद हाय, सोमवारी लेथवर उभ्या उभ्या छातीत कळ आली, दवाखान्यात न्यायच्या आत सगळं संपलं. म्हणजे मातीलाही जाता आलं नव्हतं. त्याला दीड महिना होऊन गेला. तेव्हापासून मी एका जागी धड बसलेलो नाही. ताटावरून उठतो, फाईल अर्धवट टाकून व्हरांड्यात येऊन उभा राहतो, गावात काही काम नसताना गाडी काढून दोन चकरा मारून येतो. बायको विचारते, तुम्हाला झालंय तरी काय. काय झालंय ते मला ठाऊक आहे... अकरा वर्षं ठाऊक आहे.

त्या काळात आमच्या गावात मोटारसायकलींच्या शर्यतींचं वेड होतं. कळंब्याच्या पुढं एक उजाड माळ होता. पावसाळा सोडून दर रविवारी सकाळी तिथं सराव चालायचा. फक्की मारून आखलेली लांबट गोल वाट, दोन अवघड वळणं आणि घशात जाणारी तांबडी धूळ. शर्यतीसाठी वेगळी गाडी बाळगणारे दोघं-तिघंच. बाकीच्यांची गाडी तीच, जिच्यावरून सोमवारी कामाला जायचं, दुधाचे कॅन न्यायचे, आईला दवाखान्यात न्यायचं. ती रविवारी मोडून चालण्यासारखं नव्हतं, म्हणून शनिवारी संध्याकाळी सगळे दस्तगीरभाईंच्या दारात. ते पुढचा दिवा उतरवून गोणपाटात गुंडाळून ठेवत, टाकीला जुन्या ट्यूबचं रबर बांधत, इंजिनाच्या कडेला ॲल्युमिनियमची जाड पट्टी बसवत, पाय ठेवायच्या दांडीला बिजागरी करून देत, म्हणजे पडल्यावर ती मोडण्याऐवजी वर दुमडावी.

आणि रविवारी स्वतः माळावर येत. सगळ्यांचे डोळे पुढं कोण आहे याच्यावर असायचे, दस्तगीरभाईंचे मात्र कोण पडतंय याच्यावर. ते मुद्दाम वाईट वळणावर उभे राहत. कुणी पडला की आधी त्याला हात देऊन उठवायचे, हातपाय चाचपायचे आणि मग तिथंच गुडघ्यावर बसून जमिनीवरचा ओरखडा वितीनं मोजायचे. गाडी कुठं टेकली, किती घसरली, कुठं अडली. मी एकदा विचारलं होतं, की भाई, पडूच नये असं काही करता येत नाही का? ते म्हणाले, "पडणाऱ्याला कोण आडवणार? पडल्यावर काय मोडायचं, तेवढं आपल्या हातात हाय."

माझी गाडी माझी नव्हती. आईवडील लवकर गेल्यावर मला थोरल्या भावानं वाढवलं. दादा हुपरीच्या शाळेत मास्तर होता आणि रोज अडीचशे सीसीच्या गाडीवरून जाऊन-येऊन नोकरी करायचा. रविवारी पोहायला रंकाळ्यावर जातो म्हणून मी ती काढायचो आणि परतताना कळंब्याच्या तळ्यावर धुऊन, पुसून, होती तशी दारात लावायचो. तेवीस वर्षांचा होतो, नुकता कॉलेजच्या ऑफिसात चिकटलो होतो. दादा रागावला तर मारणार नव्हता, गप्प बसला असता आणि त्याच्या गप्प बसण्याची मला भीती होती.

म्हणून मला गाडीवर ओरखडाही नको होता. मी दस्तगीरभाईंना म्हटलं, इंजिनाच्या दोन्ही बाजूंना जाड पाइपाचे आडवे गार्ड बसवा, रविवारी लावू, रविवारीच काढू. त्यांनी सरळ नकार दिला. रस्त्यावर ठीक हाय, पण माळावर पाइप मातीत रुततो, म्हणाले. गाडीला घसरू द्यावं, अडवू नये. मी ऐकलं नाही. दोन शनिवार त्यांच्या मागं लागलो आणि शेवटी म्हटलं, तुम्ही नाही केलंत तर दुसऱ्या वेल्डरकडून करून घेईन.  त्यांनी बहुधा विचार केला असावा, की दुसरा करील तर आणखी वाईट करील. काळा चष्मा डोळ्यावर ओढला आणि वेल्डिंगची कांडी पेटवली.

तिसऱ्याच रविवारी उजव्या वळणावर चाक घसरलं. एरवी गाडी आडवी होऊन वीसेक फूट घसरली असती आणि मी तिच्या मागोमाग धुळीत लोळलो असतो. पण पाइप मातीत रुतला, गाडी जागच्या जागी उभी राहिली, कोलांटी खाल्ली आणि माझ्यावर आली. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. दवाखान्यात मला सांगितलं गेलं, की इंजिनावर साधा चरासुद्धा नाही.

दादा दुपारी आला. माझ्या पायाला वजन टांगलेलं होतं, डोळे मिटलेले होते, पण मी जागा होतो. दस्तगीरभाई सकाळपासून खाटेशी उभे होते, अंगावर तीच तांबडी माती. दादानं विचारलं, "तो पाइप कुणाच्या डोक्यानं लावला?"

"माझ्या," दस्तगीरभाई म्हणाले. "मीच लावला, मास्तर."

मी डोळे उघडले नाहीत. एवढंच करायचं होतं... डोळे उघडून तीन शब्द बोलायचे होते.

दादा भांडला नाही. पण मास्तराच्या शब्दाला वजन असतं. विचारणाऱ्या प्रत्येकाला त्यानं सांगितलं, की त्या मिस्त्रीच्या गार्डमुळं पोराचा पाय गेला. माळावरच्या पोरांना घरच्यांनी त्यांचं दार बंद केलं. सालभर दस्तगीरभाईंकडं माळावरची एकही गाडी आली नाही. ते शेतपंपांच्या मोटारी दुरुस्त करत राहिले. मी काठी टेकत त्यांच्याकडं जायचो, बसायचो, चहा प्यायचो, निघून यायचो. त्याच सालात त्यांनी पडणाऱ्या गाडीसाठी एक गोळा तयार केला. कडक नायलॉनच्या दांड्यातून लेथवर कातलेला, मुठीएवढा, गुळगुळीत. इंजिन जिथं चौकटीला बोल्टनं आवळलेलं असतं तिथंच तो बसायचा. गाडी पडली की त्याच्यावर टेकायची आणि मातीवरून सरकत जायची. रुतण्यासारखं त्यात काही नव्हतं. एका पोरानं चोरून लावला, पडला, कपडे झटकून उठला. मग दुसऱ्यानं लावला. पुढच्या हिवाळ्यात माळावरच्या निम्म्या गाड्यांना ते गोळे होते. दादानं मात्र रस्त्यात समोर आल्यावर कधी मान वर केली नाही, आणि दस्तगीरभाई प्रत्येक वेळी सलाम करत राहिले. एकदा मी विषय काढायला तोंड उघडलं. त्यांनी विचारलं, "पाय दुखतो का रे थंडीत?" आणि लेथ चालू केला. त्या आवाजात काही बोलणं शक्य नव्हतं. मी पुन्हा प्रयत्न केला नाही... खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

गेल्या रविवारी मी दादाकडं गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. तो निवृत्तीला आलाय, केस पांढरे झालेत. तो पेपरची घडी करत राहिला, चार घड्या झाल्या, आणखी घालता येईना. म्हणाला, "अकरा वर्षं त्या माणसाचा सलाम घेतला नाही मी." मग म्हणाला, "चप्पल घाल."

त्याच्या स्कूटरवरून आम्ही उद्यमनगरात गेलो. शटर उघडं होतं. दस्तगीरभाईंची मुलगी शमीम, एकवीस-बावीस वर्षांची, लेथवर काम करत होती. बापाच्या हाताखाली ती शिकलीय हे मला माहीत होतं, चालवतेय हे माहीत नव्हतं. भाभी, म्हणजे तिची आई, इद्दतीत होत्या, नवरा गेल्यावर चार महिने परक्या पुरुषांसमोर यायचं नसतं, म्हणून आतल्या पडद्यामागून बोलल्या. दादानं उभं राहूनच बोलायला सुरुवात केली, की माझ्या भावानं हट्ट केला होता, चूक तुमच्या माणसाची नव्हती... भाभींनी मधेच थांबवलं. त्यांना सगळं ठाऊक होतं.

"ते म्हणायचे, पोरगं हट्ट करणारच की. पण कांडी माझ्या हातात होती."

 इतकी वर्षं मला वाटत होतं, की माझ्यासाठी ते खोटं बोलले. ते खोटं बोललेच नव्हते. त्यांना तसंच वाटत होतं, आणि मी ते त्यांना तसंच वाटू दिलं होतं.

चहा आला. तेवढ्यात एकजण गाडी घेऊन दारात थांबला, गोळे बसवायला. शमीमनं आधी गोळ्यांना हात लावला नाही. ती पुढं गेली आणि हँडलवरच्या क्लचच्या दांडीवर तळहाताची जोरात थाप मारली. दांडी हलली नाही. तिनं पाना घेतला, दांडीची पकड किंचित सैल केली, पुन्हा थाप मारली. आता दांडी जागच्या जागी फिरली. पडल्यावर फिरली तर मोडत नाही, तिनं गिऱ्हाइकाला सांगितलं, अब्बा आलेल्या प्रत्येक गाडीला आधी हेच बघायचे.

दादानं कप खाली ठेवला. बाहेर जाऊन त्यानं आपली स्कूटर ढकलत शटरच्या तोंडाशी आणली. आयुष्यात कधी माळावर न गेलेला, चाळीसच्या वर वेग न नेलेला माणूस.

"आमची पण बघ की जरा," तो म्हणाला.

शमीमनं थाप मारली. घट्ट होती. ती पाना घेऊन वाकली, आणि दादा धोतराचा सोगा आवरून तिच्या शेजारी उकिडवा बसला.