माझ्या मापाची रायफल

रायफलचं लोखंडी कपाट उघडलं की बंदुकीच्या तेलाचा वास येतो आणि मी थेट इथल्या, न्यूझीलंडमधल्या लोअर हट शहरातल्या त्या दुकानात जाऊन उभा राहतो. हरणाच्या शिकारीसाठी पहिली रायफल घ्यायची होती. बायको सोबत होती आणि तिची एकच अट होती: तिला पटली नाही तर रायफल नाही. मी अर्थातच सगळ्यांत लांब, सगळ्यांत जड रायफल मागितली, खांद्याला लावली, एक डोळा मिटला आणि जॅकेटांपाशी लावलेल्या आरशात स्वतःला पाहून खूश झालो. म्हाताऱ्या दुकानदाराने एका बोटाने नळी छताकडे वळवली आणि म्हणाला, “हिचा धक्का फार जोरात बसतो, मेट.” ‘काही हरकत नाही’ला इथे म्हणतात तसं मी ऐटीत म्हणालो, “स्वीट अ‍ॅज.” बायको हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. तिने पुढे होऊन माझ्या उजव्या खांद्यात अंगठा रुतवला. मी असा कळवळलो की जॅकेटं बघणारी दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. “बॅडमिंटनने गेलेला खांदा हा. ह्याला आणखी धक्के देणार होतास?” मग तिने एक साधी, हलकी, आखूड दस्त्याची रायफल मागून घेतली, आधी माझ्या खांद्याला लावून बघितली, मग वजन बघायला म्हणून स्वतःच्या. तिथे रायफल जरा जास्तच वेळ राहिली. “ही चालेल,” ती म्हणाली. कुणाला, ते मी तेव्हाच विचारायला हवं होतं. पुढच्या वर्षी तिने स्वतःचं लायसन्स काढलं. हल्ली डोंगरात रायफल ती घेते आणि उतरताना हरीण माझ्या पाठीवर असतं. तिच्या मते खांद्याला हा उत्तम व्यायाम आहे.