ढगांसाठी दुकान बंद

सकाळी दुकान उघडण्याआधी शेजारचे फोटोग्राफर पायरीवर उभे राहून आभाळ बघत. स्वच्छ ऊन पडलेलं दिसलं की हिरमुसून म्हणत, "आज वर काय बी न्हाय की, मास्तर."

सोलापुरात मी शिकवत होतो त्या शाळेला लागून त्यांचं फोटोचं दुकान होतं. एरवी तिथे नवी जोडपी येत, पागोटी बांधून ताठ बसलेले व्यापारी येत. पण आभाळ काळवंडलं की दाराला कुलूप. तुम्ही त्यांना तेव्हा लगबगीने निघताना पाहिलं असतं, तर कुणाच्या आजारपणाची तार आली असावी असंच वाटलं असतं. दारातल्या गिऱ्हाइकाला ते सांगत, "तुमचा चेहरा उद्याबी हाच ऱ्हाईल. हे आभाळ न्हाय ऱ्हायचं."

शाळेला सुटी असली की मीही त्यांच्याबरोबर ढगांचे फोटो काढायला जाई.

एका भाद्रपदात आम्ही मंद्रूपच्या वाटेवर सीना नदी ओलांडून पलीकडे गेलो. पाणी गुडघ्याएवढं होतं. त्या दिवशी माळावर जे ढग उतरले, तसे त्यांना तीन पावसाळ्यांत मिळाले नव्हते. कॅमेऱ्याच्या सहा काचांवर त्यांनी ते टिपले; तेव्हा फिल्मऐवजी काचाच असत. परतताना मात्र पाणी कमरेला लागलं. वर कुठेतरी जोराचा पाऊस झाला होता. कॅमेरा डोक्यावर घेऊन ते काठाला पोचले. काचांची जड पेटी माझ्या खांद्याला होती. मध्यावर माझा पाय सरकला.

पेटी मला खाली ओढत होती, पण पट्टा सोडायला मन होईना. ते छातीएवढ्या पाण्यात परत शिरले, कॅमेऱ्याचा लाकडी स्टँड माझ्यापुढे धरला आणि शांतपणे म्हणाले, "सोडा ती, मास्तर. आभाळ परत येतंय. तुमी न्हाय येनार."

मी पेटी सोडली आणि स्टँड धरला.

वाटेत मी सारखी माफी मागत होतो. त्यांनी माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं, स्वतःच्या चपला काढून दिल्या आणि चिखलातून पुढे चालू लागले. त्यांच्या पायांची बोटं काट्यांनी फाटली होती, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

काचांचं काय झालं, असं गल्लीत लोक विचारत. ते सांगत, धुताना आपल्याच हातून बिघडल्या. माझ्याकडे कुणी बोट दाखवू नये म्हणून ते खोटं बोलत होते, हे त्यांच्या पत्नीने मला बऱ्याच वर्षांनी, ते वारल्यावर सांगितलं.

नदीवरच्या त्या प्रसंगानंतरच्या पावसाळ्यात ते पुन्हा मला बोलवायला आले. आधी माझ्या आईला त्यांनी शब्द दिला, की नदी ओलांडणार नाही. अलीकडच्या काठावरूनच त्यांनी सीनेवर वाकलेलं आभाळ टिपलं.

तो फोटो आमच्या घरात आहे. धाकटी मुलगी एकदा म्हणाली, "ह्यात कुणीच नाही." मी तिला सांगितलं, ते इकडच्या बाजूला उभे आहेत, कॅमेऱ्यामागे काळ्या कापडाखाली. आणि मी त्यांच्यावर छत्री धरली आहे.